इव्हँजेलिकल पंथातील सामाजिक न्यायाच्या चळवळी

ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेतील इव्हँजेलिकल प्रवाहाच्या अनुयायांनी गुलामगिरी, कामगारांचे शोषण, स्त्रियांवरील अन्याय, वंशभेद, जातिभेद आणि दारिद्र्य यांविरुद्ध अठराव्या शतकापासून उभारलेल्या चळवळी. या चळवळींचा इतिहास सलग चढत्या प्रगतीचा नाही. सुधारणेच्या मोठ्या लाटेनंतर दीर्घ माघार आणि माघारीनंतर पुन्हा जागृती, असा त्याचा क्रम दिसतो. व्यक्तीचे अंतःकरण पालटले की समाज आपोआप सुधारतो, की अन्यायाला आधार देणारे कायदे आणि आर्थिक व्यवहारही बदलावे लागतात, हा या इतिहासातील मध्यवर्ती वाद होय.

संकल्पना : ‘इव्हँजेलिकल’ हा शब्द शुभवार्ता किंवा सुवार्ता या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आला आहे. जर्मन भाषेत तत्सम शब्द सर्वसाधारण प्रॉटेस्टंट या अर्थाने वापरला जातो. इंग्रजी भाषिक जगात मात्र अठराव्या शतकातील धर्मजागृतीतून निर्माण झालेल्या विशिष्ट प्रवाहाला हे नाव मिळाले. तो एकच संघटित पंथ नव्हे. मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेसबिटेरियन, अँग्लिकन इ. अनेक पंथोपपंथांत तो आढळतो. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये त्याची चार लक्षणे सांगितली : हृदयपरिवर्तनाची आवश्यकता, बायबलचे सर्वोच्च प्रामाण्य, ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणाला दिलेले केंद्रस्थान आणि कृतिशीलता. यांपैकी पहिल्या लक्षणामुळे सर्व भर व्यक्तीच्या तारणावर पडू शकतो, तर चौथ्यामुळे तोच भक्त समाजात काही करण्यास उद्युक्त होतो. या दोहोंतील ताण पुढील सर्व घडामोडींच्या मुळाशी आहे.

हा ताण अगदी प्रारंभीच प्रकट झाला. जॉन वेस्ली (१७०३–९१) आणि जॉर्ज व्हाइटफील्ड (१७१४–७०) हे एकाच धर्मजागृतीचे दोन प्रमुख उपदेशक. व्हाइटफील्ड यांनी गुलामांना क्रूरपणे वागविणाऱ्या मालकांची निर्भर्त्सना केली. पण जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला असलेली बंदी उठावी म्हणून प्रयत्नही केले आणि आपल्या अनाथालयाच्या खर्चासाठी स्वतः गुलाम बाळगले. त्यांच्या दृष्टीने दोष मालकाच्या वर्तनात होता, मालकीच्या प्रथेत नव्हता. वेस्ली यांनी थॉट्स अपॉन स्लेव्हरी (१७७४) या पुस्तिकेत मात्र प्रथेवरच घाव घातला. गुलाम विकत घेणारा हा माणसे पळविणाऱ्याइतकाच दोषी आहे, कारण त्याच्या पैशावरच तो व्यापार चालतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. मृत्यूपूर्वी आठवडाभर, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, त्यांनी विल्यम विल्बरफोर्स यांना या कार्यात माघार घेऊ नये असे पत्र लिहिले.

गुलामगिरीविरुद्धचा लढा : ब्रिटनमधील गुलामांच्या व्यापाराविरुद्ध १७८७ मध्ये लंडन येथे जी समिती स्थापन झाली, तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर होते, त्यामुळे या चळवळीचे सारे श्रेय इव्हँजेलिकल प्रवाहाला देता येत नाही. तथापि संसदेतील नेतृत्व आणि देशभरच्या धर्ममंडळ्यांतून मिळालेले पाठबळ हा त्या प्रवाहाचा वाटा होता. लंडनजवळच्या क्लॅपम येथे विल्बरफोर्स (१७५९–१८३३), बँकव्यवसायी हेन्री थॉर्नटन, जमेकातील मळ्यावर पूर्वी देखरेखीचे काम केलेले झॅकरी मेकॉले प्रभृतींचा गट तयार झाला. तो ‘क्लॅपम संप्रदाय’ म्हणून ओळखला जातो. गुलामांच्या व्यापारावर बंदी घालण्याचा विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव १७९१ मध्ये १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळला गेला. पुढे १६ वर्षांनी, १८०७ मध्ये, तशा विधेयकास कनिष्ठ सभागृहात २८३ विरुद्ध १६ असे मताधिक्य मिळाले.

या यशामागे अन्याय सोसलेल्यांची साक्ष होती. ओलाउडा इक्वियानो (सु. १७४५–९७) हा गुलामगिरीतून स्वतःची किंमत भरून मुक्त झालेला लेखक स्वतः इव्हँजेलिकल श्रद्धेचा होता. त्याचे आत्मचरित्र १७८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हयातीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. ख्रिस्ती म्हणविणाऱ्या वाचकाला त्याच्याच धर्माच्या कसोटीवर उभे करणे, हे त्याच्या लेखनाचे बळ होते.

व्यापार थांबला तरी गुलामगिरी टिकून होती. विल्बरफोर्स व त्यांचे सहकारी क्रमाक्रमाने सुधारणा करण्याच्या मताचे होते. ही संथ चाल अपुरी आहे, हे सर्वांत परिणामकारक रीतीने दाखविले ते जमेकातील गुलामांनी. सॅम्युएल शार्प (मृत्यू १८३२) हा गुलाम तेथील बॅप्टिस्ट मंडळीत डीकनचे काम करीत असे. कोणाही मनुष्याला दोन धन्यांची सेवा करता येत नाही या बायबलमधील वचनातून त्याने गुलामगिरी ईश्वराला मान्य नाही असा अर्थ काढला आणि १८३१ च्या नाताळानंतर वेतनाशिवाय काम न करण्याचा बेत आखला. या संपाचे रूपांतर उठावात झाले. तो मोडून काढल्यावर तीनशेहून अधिक गुलामांना देहान्ताची शिक्षा झाली आणि २३ मे १८३२ रोजी शार्प यासही फाशी देण्यात आले. संतप्त मळेवाल्यांनी अनेक बॅप्टिस्ट व मेथडिस्ट प्रार्थनामंदिरे जमीनदोस्त केली. विल्यम निब (१८०३–४५) या बॅप्टिस्ट मिशनऱ्याने इंग्लंडला जाऊन संसदेच्या समितीपुढे ही हकीकत मांडली. गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये संमत झाला. त्याने सुमारे आठ लाख गुलाम मुक्त झाले. परंतु दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना काहीही मिळाले नाही, उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३८ पर्यंत बहुतेकांना जुन्याच धन्याकडे राबावे लागले.

कारखाने आणि शहरी दारिद्र्य : दूरच्या वसाहतींतील गुलामांबद्दल कळवळा दाखविणाऱ्यांना घरातील कामगारांचे हाल दिसत नाहीत, असा आक्षेप त्याच काळात घेतला जात असे. विल्बरफोर्स यांनी १७९९ च्या कामगार संघटनांवर बंदी घालणाऱ्या कायद्यास पाठिंबा दिला होता, हे लक्षात घेता तो आक्षेप निराधार नव्हता. रिचर्ड ओस्टलर यांनी १८३० मध्ये लीड्स येथील वृत्तपत्रात पत्र लिहून यॉर्कशरच्या लोकर गिरण्यांत राबणाऱ्या मुलांची स्थिती गुलामांसारखीच असल्याचे दाखवून दिले. शाफ्ट्सबरीचे सातवे अर्ल अँथनी ॲश्ली कूपर (१८०१–८५) यांनी हा प्रश्न संसदेत लावून धरला. १८४२ च्या कायद्यान्वये स्त्रिया आणि दहा वर्षांखालील मुलगे यांना खाणीत भूपृष्ठाखाली काम देण्यास बंदी झाली, तर १८४७ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचा दिवस दहा तासांचा ठरला. धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढविण्याची प्रथा थांबविण्यास त्यांना १८७५ पर्यंत झगडावे लागले. मात्र कामगारांना मताधिकार देण्यास शाफ्ट्सबरी यांचा विरोध होता. गरिबांचे रक्षण व्हावे, पण सत्तेत त्यांना वाटा नसावा, ही या पिढीच्या सुधारणावादाची मर्यादा होती.

विल्यम बूथ (१८२९–१९१२) व कॅथरिन बूथ (१८२९–९०) यांनी पूर्व लंडनमध्ये १८६५ मध्ये सुरू केलेल्या कार्यास १८७८ मध्ये ‘साल्व्हेशन आर्मी’ (मुक्तिफौज) हे नाव मिळाले. या संघटनेत स्त्रियांना उपदेशाचा व अधिकारपदाचा हक्क होता. पिवळ्या फॉस्फरसमुळे काडेपेट्यांच्या कारखान्यांतील स्त्री-कामगारांची जबड्याची हाडे सडत. त्यावर उपाय म्हणून मुक्तिफौजेने १८९१ मध्ये निर्धोक लाल फॉस्फरस वापरणारा व अधिक मजुरी देणारा स्वतःचा कारखाना काढला. जोसेफिन बटलर (१८२८–१९०६) यांनी लष्करी ठाण्यांभोवतीच्या स्त्रियांची सक्तीने वैद्यकीय तपासणी करणाऱ्या कायद्यांविरुद्ध चळवळ केली आणि १८८६ मध्ये ते रद्द झाले. ही पद्धत भारतातील छावण्यांत वेगळ्या रूपाने चालूच होती. कॅथरिन बुशनेल व एलिझाबेथ अँड्रू या दोन अमेरिकन स्त्रियांनी १८९१-९२ मध्ये भारतातील छावण्यांना भेटी देऊन पुरावा गोळा केला आणि १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या समितीपुढे तो मांडला.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने : येथे चार्ल्स फिनी (१७९२–१८७५) यांच्या उपदेशातून निर्माण झालेल्या जागृतीने गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्यांची एक पिढी घडविली. सिनसिनाटी येथील लेन धर्मविद्यालयात थीओडोर वेल्ड (१८०३–९५) यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये १८ रात्री चर्चा झाली आणि गुलामगिरी तत्काळ संपली पाहिजे, असे विद्यार्थ्यांनी ठरविले. विश्वस्तांनी अशा चर्चेस मनाई करताच बहुसंख्य विद्यार्थी बाहेर पडले. त्यांतील अनेकांनी ओबर्लिन येथील नव्या संस्थेत प्रवेश घेतला. कृष्णवर्णीयांना प्रवेश देण्याचा निर्णय त्या संस्थेने १८३५ मध्ये घेतला आणि १८३७ मध्ये पदवी-अभ्यासक्रम स्त्रियांना खुला केला. वेल्ड यांच्या अमेरिकन स्लेव्हरी ॲज इट इज (१८३९) या ग्रंथातील पुष्कळसा पुरावा दक्षिणेतील वृत्तपत्रांतूनच घेतलेला होता. पळालेल्या गुलामाची ओळख पटावी म्हणून मालकांनी जाहिरातींत दिलेली जखमा व डाग यांची वर्णनेच त्यांच्याविरुद्ध साक्ष ठरली. गुलामगिरीविरोधी वेस्लियन मेथडिस्टांच्या सेनेका फॉल्स येथील प्रार्थनामंदिरात १८४८ मध्ये स्त्रियांच्या हक्कांची प्रसिद्ध परिषद भरली.

याच देशात त्याच श्रद्धेचे लोक गुलामगिरीचे समर्थनही बायबलच्या आधारे करीत होते. या प्रश्नावरून १८४४ मध्ये मेथडिस्ट आणि १८४५ मध्ये बॅप्टिस्ट दुभंगले. दक्षिणेतील बॅप्टिस्टांच्या संघटनेने आपल्या या वारशाबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती १९९५ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनंतर. फ्रेडरिक डग्लस या मुक्त गुलामाने १८४५ च्या आत्मचरित्राच्या पुरवणीत ख्रिस्ताचा धर्म व गुलाम बाळगणाऱ्यांचा धर्म यांतील भेद अत्यंत तिखट शब्दांत मांडला आहे.

महाराष्ट्राशी संबंध : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांना वाव मिळावा म्हणून क्लॅपम गटाने केलेल्या खटपटीला १८१३ च्या सनदी कायद्याने यश आले. त्याच वर्षी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस आले व अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ झाला. या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. पुढे अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे सिंथिया फॅरार यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले (१८२७–९०) यांचे शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले होते. फॅरारबाईंची शाळा पाहिल्यानंतर त्यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्या शाळेतील मुक्ता ही मातंग समाजातील विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये अमेरिकन मिशनच्या ज्ञानोदय नियतकालिकात छापला गेला. अस्पृश्य समाजातील मुलीने आपल्या समाजाचे दुःख स्वतः लिहून मांडल्याचे हे एक आद्य उदाहरण होय. फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा आपला ग्रंथ गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. त्यांनी मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याची कदर केली, पण ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. समतेचा विचार घेऊन त्यांनी सत्यशोधक समाजाच्या रूपाने स्वतंत्र वाट काढली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडमधील अँग्लिकन भगिनीमंडळाच्या सान्निध्यात. इव्हँजेलिकल स्वरूपाचा धर्मानुभव त्यांना त्यानंतर काही वर्षांनी आला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार स्त्रिया व मुली यांच्यासाठी केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. तेथे शेती, विणकाम, छपाई इ. व्यवसाय शिकविले जात. १८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या होणाऱ्या हालांबद्दल त्यांनी बॉम्बे गार्डियन या पत्रातून सरकारी व्यवस्थेवर टीका केली. त्यांच्या धर्मांतरावर व आश्रमातील धर्मशिक्षणावर टिळकादी टीकाकारांनी कठोर आक्षेप घेतले. हा वाद लक्षात घेऊनही, दया आणि सत्ताधाऱ्यांना जाब विचारणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या कार्यात एकत्र नांदत होत्या, हे नमूद केले पाहिजे.

माघार : विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात, विशेषतः अमेरिकेत, इव्हँजेलिकल प्रवाह सामाजिक प्रश्नांपासून दूर गेला. ही घटना ‘महान उलटफेर’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते; समाजशास्त्रज्ञ डेव्हिड मोबर्ग यांनी १९७२ मध्ये त्याच शीर्षकाचा ग्रंथ लिहिला. याची कारणे तीन दिसतात. एक, ख्रिस्ताच्या पुनरागमनापूर्वी जग उत्तरोत्तर बिघडतच जाणार, ही समजूत बळावली. बुडत्या जहाजाची डागडुजी करण्यापेक्षा त्यावरील माणसे वाचवावीत, असे वाटू लागले. दोन, वॉल्टर राउशनबुश (१८६१–१९१८) प्रभृतींनी मांडलेली ‘सामाजिक सुवार्ता’ उदारमतवादी ईश्वरविद्येशी जोडली गेल्याने समाजसुधारणाच संशयास्पद ठरली. तीन, १९२५ मधील टेनेसी राज्यातील उत्क्रांतिवादाच्या खटल्यात झालेल्या उपहासानंतर मूलतत्त्ववादी मंडळ्या आपापल्या संस्थांत आत वळल्या. कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांत मात्र श्रद्धा आणि न्यायाची मागणी यांची अशी फारकत कधीच झाली नाही. वंशभेद ज्यांना रोज भोगावा लागत होता, त्यांना ती चैन परवडणारी नव्हती.

पुनर्जागृती : कार्ल हेन्री (१९१३–२००३) यांच्या दि अनीझी कॉन्शन्स ऑफ मॉडर्न फंडामेंटॅलिझम (१९४७) या छोटेखानी पुस्तकाने सामाजिक अन्यायाबद्दल मौन पाळणाऱ्या मूलतत्त्ववाद्यांना फटकारले. सुप्रसिद्ध उपदेशक बिली ग्रॅहॅम (१९१८–२०१८) यांनी १९५३ मध्ये चॅटनूगा येथील सभेत गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना विभागणारे दोर काढून टाकले. तरीही नागरी हक्कांच्या लढ्यात बहुसंख्य गोरे इव्हँजेलिकल तटस्थ वा विरोधी राहिले. हृदयपरिवर्तनाने वंशभेद मिटेल, कायद्याने नव्हे, असे ते म्हणत. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र गोऱ्या धर्मगुरूंच्या अशाच सबुरीच्या सल्ल्याला उत्तर होते.

या कोंडीतून वाट दाखविणाऱ्यांत जॉन पर्किन्स यांचे नाव प्रमुख आहे. त्यांचा जन्म १९३० मध्ये मिसिसिपी राज्यातील खंडकरी शेतमजुरांच्या कुटुंबात झाला. युद्धावरून परतलेला त्यांचा भाऊ १९४६ मध्ये पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मरण पावला. कॅलिफोर्नियात स्थिरावलेले पर्किन्स ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्यानंतर १९६० मध्ये मुद्दाम मिसिसिपीत परतले. मतदार नोंदणी आणि गोऱ्या व्यापाऱ्यांवरील बहिष्कार यांत भाग घेतल्याबद्दल त्यांना फेब्रुवारी १९७० मध्ये ब्रँडन येथील तुरुंगात अमानुष मारहाण झाली. गरिबांमध्ये जाऊन राहणे, वंशांमध्ये समेट घडविणे आणि साधनांचे न्याय्य वाटप करणे, ही त्यांची त्रिसूत्री पुढे अनेक वस्त्यांतील कार्याचा पाया ठरली.

नोव्हेंबर १९७३ मध्ये रोनाल्ड सायडर (१९३९–२०२२) यांच्या पुढाकाराने सुमारे पन्नास इव्हँजेलिकल नेते शिकागोत जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. वंशभेद, भौतिक हव्यास, आर्थिक विषमता, युद्धखोरी व स्त्रियांवरील पुरुषी वर्चस्व यांत आपणही सामील आहोत, अशी कबुली त्यात होती. सायडर यांचा रिच ख्रिश्चन्स इन ॲन एज ऑफ हंगर (१९७७) हा ग्रंथ बराच गाजला. जिम वॉलिस यांच्या गटाचे सोजर्नर्स हे मासिकही याच काळातील. परंतु जाहीरनाम्यामागील गटात लवकरच फाटाफूट झाली. कृष्णवर्णीय, स्त्रिया आणि शांततावादी यांच्या मागण्या एकमेकींशी जुळेनात. १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही उजव्या राजकारणाची संघटना स्थापन झाल्यावर अमेरिकन इव्हँजेलिकल प्रवाहाचे राजकीय नेतृत्व बव्हंशी तिच्या बाजूला झुकले.

लॅटिन अमेरिका व लोझान परिषद : या विचाराला सर्वांत सुसंगत रूप दिले ते लॅटिन अमेरिकेतील विचारवंतांनी. एक्वादोरचे रेने पादिया (१९३२–२०२१) व पेरूचे सॅम्युएल एस्कोबार हे विद्यार्थ्यांत काम करीत. एकीकडे लष्करी हुकूमशाह्या व भीषण विषमता, दुसरीकडे मार्क्सवाद व रोमन कॅथलिक मुक्तिवादी ईश्वरविद्या, अशा वातावरणात विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तर अमेरिकेतून आलेल्या पुस्तकांत उत्तरे नव्हती. १९७० मध्ये बोलिव्हियातील कोचाबांबा येथे त्यांनी आपले विचारमंडळ स्थापन केले. त्यातून ‘समग्र सेवाकार्य’ ही संकल्पना पुढे आली. तीनुसार सुवार्ता सांगणे आणि न्यायासाठी झटणे ही दोन वेगळी कामे नाहीत, एकाच कार्याची ती अंगे आहेत.

जुलै १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सुमारे १५० देशांतील दोन हजारांहून अधिक प्रतिनिधींची परिषद भरली. पादिया यांनी तेथे अमेरिकन जीवनपद्धतीलाच ख्रिस्ती धर्म मानण्याच्या प्रवृत्तीवर जाहीर टीका केली. ब्रिटिश धर्मोपदेशक जॉन स्टॉट (१९२१–२०११) यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या लोझान करारनाम्याच्या पाचव्या कलमात सामाजिक जबाबदारीच्या उपेक्षेबद्दल पश्चात्ताप व्यक्त करण्यात आला. सहाव्या कलमात मात्र सुवार्ताप्रसाराला अग्रक्रम देण्यात आला. हा अग्रक्रम योग्य की अयोग्य, यावर १९८२ मध्ये ग्रँड रॅपिड्झ येथे खास विचारविनिमय झाला. सामाजिक कार्य हे सुवार्ताप्रसाराचे फलित, त्याकडे नेणारा सेतू आणि त्याचा सहचर आहे, अशी समन्वयाची भूमिका तेथे स्वीकारण्यात आली.

दक्षिण आफ्रिकेत वंशविद्वेषी राजवटीच्या आणीबाणीत, १९८६ मध्ये, सोवेटो व परिसरातील कृष्णवर्णीय इव्हँजेलिकलांनी काढलेल्या निवेदनात सरकारवर नव्हे तर प्रामुख्याने स्वपंथाच्याच शिकवणुकीवर टीका होती. अन्याय चालू ठेवून केलेल्या समेटाच्या गोष्टी त्यांनी नाकारल्या.

भारत : १९६६-६७ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर भारतातील इव्हँजेलिकल संघटनेने १९६७ मध्ये साहाय्यसंस्था स्थापन केली. तीच पुढे विकासकार्याकडे वळली. १९७९ मध्ये मद्रास (सध्याचे चेन्नई) येथील परिषदेने सामाजिक कृतीविषयीचा जाहीरनामा संमत केला. बंगलोरचे विनय सॅम्युएल यांनी आंतरराष्ट्रीय चर्चांत गरीब देशांची बाजू मांडली. १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेले व १९८३ मध्ये पुण्यास आलेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे महाराष्ट्रातील या प्रवाहाचे प्रमुख शिक्षणकेंद्र होय. येथील मंडळ्यांपुढचा अवघड प्रश्न जातीचा आहे. ख्रिस्ती झाल्याने अस्पृश्यता संपेल, ही एकोणिसाव्या शतकातील अपेक्षा पूर्णतः फलद्रूप झाली नाही. काही ठिकाणी पूजास्थान आणि दफनभूमी यांतही भेद राहिले. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. त्या १९५६ मध्ये शीखांना व १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या, पण दलित ख्रिस्ती व मुसलमान यांना लागू झाल्या नाहीत.

नंतरच्या घडामोडी : गरीब देशांवरील कर्ज माफ व्हावे म्हणून जुन्या करारातील ‘योबेल वर्षा’च्या कल्पनेवरून जी जागतिक मोहीम झाली, तीत इव्हँजेलिकल संस्थांनी इतर पंथीयांसह भाग घेतला. मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅम (इंग्लंड) येथे श्रीमंत राष्ट्रांच्या प्रमुखांच्या बैठकीभोवती सुमारे सत्तर हजार लोकांनी मानवी साखळी केली. वेठबिगारी व मानवी व्यापार यांविरुद्ध न्यायालयीन मार्गाने काम करणारी ‘इंटरनॅशनल जस्टिस मिशन’ ही संस्था १९९७ मध्ये स्थापन झाली. दुसरीकडे, २०१८ मध्ये अमेरिकेतील काही धर्मगुरूंनी सामाजिक न्यायाचा आग्रह सुवार्तेला मारक ठरतो, असे निवेदन प्रसिद्ध केले. म्हणजे वेस्ली व व्हाइटफील्ड यांच्यातील मतभेद अडीच शतकांनंतरही मिटलेला नाही.

मूल्यमापन : या चळवळींची शक्ती त्यांच्या श्रद्धेतूनच आली. प्रत्येक मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेत निर्माण झाला आहे, हा सिद्धान्त शब्दशः घेणाऱ्याला गुलामाचा बाजार सहन होणे कठीण होते. त्यांची दुर्बलताही तेथूनच आली. पाप हे व्यक्तीचेच असते असे मानणाऱ्याला कायद्यात, मजुरीत किंवा जमिनीच्या मालकीत दडलेला अन्याय सहज दिसत नाही. वसाहतवादी सत्तेच्या छायेत झालेल्या सेवाकार्यात धर्मांतराचा हेतू किती आणि न्यायाची तळमळ किती, हा प्रश्न टीकाकारांनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर प्रसंगपरत्वे वेगवेगळे येते. एक गोष्ट मात्र या इतिहासात पुनःपुन्हा आढळते. सुस्थितीतील अनुयायी दयेपाशी थांबले असता न्यायाचा प्रश्न पुढे रेटला तो इक्वियानो, शार्प, पर्किन्स, पादिया अशा, अन्याय स्वतः भोगलेल्या वा जवळून पाहिलेल्या माणसांनी. मिशनच्या शाळेत शिकून स्वतंत्र मार्गाने गेलेले फुले व त्यांच्या शाळेतील मुक्ता यांचा विचारही या संदर्भात करावा लागतो. सुवार्ता सांगणाऱ्यांपेक्षा ती ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ कित्येकदा अधिक गंभीरपणे घेतला, असे म्हणता येईल.